कुठल्या खेळात गेले?

अप्पा, काल दुपारी तुम्ही पुन्हा गेलात. ह्या वेळी विहिरीच्या काठावर, पाठीत सुरा बसून. मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. टीव्हीतून तुमचा आवाज आला तसं सूप बाजूला सारलं. सून आतून म्हणाली, "अत्याबाई, आले का तुमचे वडील? आज काय हायेत?" मी म्हणाले, "मुनीम हायेत. पण टिकतेत असं दिसत न्हाई." ती हसली. चहाला उकळी येईपर्यंत तुमचं आटोपलंसुद्धा. मला वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दुसऱ्या चॅनलवर तुम्ही फौजदार होऊन दारात उभेच होतात, मिशीला पीळ देत. तुम्ही आता माझ्या लेकापेक्षा तरुण दिसता, हे मात्र अजून अंगवळणी पडत नाही. बाप म्हणून हाक मारायला तोंड उघडावं आणि समोर केसाळ हाताचा, तकतकीत गालांचा गडी.

लहानपणी तुम्ही आम्हाला सणापुरते मिळायचात, तेही सगळ्या सणांना नाही. आता नांदेडला लेकाच्या घरी बसल्या जागी रोज भेटता. लातूरला गंजगोलाईत कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा राहणारा माणूस, गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याची नक्कल करणारा. निजामाच्या शाळेत उर्दूवर घासलेली जीभ. तीच मुंबईच्या सिनेमावाल्यांना आवडली म्हणे. मग तुम्ही डॉक्टर झालात, वकील झालात, पुजारी, सावकार, नायिकेचा मामा, नायकाच्या बापाचा मित्र. सिनेमा कुणाचाही असो, दार उघडलं की पलीकडे तुम्ही. नावांच्या पाट्यांत तुमचं नाव शेवटाला, बारीक अक्षरात, आणि पाटी तर पळत जाते. मी चौथीतून घरी बसलेली. मला ते नाव कधीच गाठता आलं नाही.

एकदा तुम्ही रेणापूरला घरी आला होता. आम्हा पोरांची अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून तिच्याशी बोलत होता. तेवढ्यात शेजारीण खोकणाऱ्या नातवाला घेऊन आली. "तपासा की जरा. त्या खेळात जमीनदाराच्या पोराला कसं उठवून बसवलंत." तुम्ही पोराचा हात धरलात, डोळे मिटलेत, मान हलवलीत, सगळं अगदी तसंच. मग म्हणालात, "ह्याला लातूरला न्या मावशी, तिथं खरा डॉक्टर हाय." अव्वा मागं न बघता म्हणाली, "बरं सांगितलं. परवा एकजण बांधाचं भांडण घिऊन आला होता, जज साहेब कधी येणार म्हणून." तुम्ही हसलात तेव्हा मला धीर आला आणि मी मनातलं विचारलं. अप्पा, पडद्यावर तुम्ही आमच्याकडं का बघत न्हाई? आम्ही एवढे समोर बसलेले असतो. तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्याच्या काचेकडं बघायचं नसतंय बाई. बघितलं की हाकलून देतेत." मला वाटलं, आमच्याकडं बघितलं की हाकलून देतेत. तेवढंच समजण्याचं माझं वय होतं.

साखरेचं तुम्हाला कुणी सांगितलं असेल की नाही, कुणास ठाऊक. गावात तंबूतला सिनेमा आला आणि त्यात पहिल्यांदा तुम्हाला मारलं. गोळी लागली, तुम्ही पडलात, मग लाकडं रचून तुम्हाला जाळलंसुद्धा. अव्वाची बोबडी वळली. तिनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. बाहेर आल्यावर एक म्हातारी तिला म्हणाली, "येडी का काय तू? खोट्या मरणानं आयुष्य वाढतंय. साखर वाट साखर." अव्वानं घरी येऊन डबा काढला आणि गल्लीत घरोघरी चिमूटचिमूट साखर दिली. तेव्हापासून रीतच पडली. लातूरहून, उदगीरहून कुणीही येऊन सांगायचं, "अप्पा ह्या खेळात गेले बरं का," की अव्वा उठायची आणि त्याच्याच तळहातावर आधी साखर ठेवायची. तुम्ही इतके वेळा गेलात अप्पा की आमच्या घरात चहाला गूळ असायचा आणि साखर तुमच्यासाठी राखलेली.

मग एक दिवस गंजगोलाईतला तुमचा जुना शेठ स्वतः आला. ऊन चढलेलं होतं. तो ओसरीवर उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, अप्पा गेले." अव्वा ज्वारी पाखडत होती. तिनं विचारलं, "कुठल्या खेळात?" शेठला काही समजेना. तो म्हणाला, "न्हाई वहिनी, गेले." अव्वा म्हणाली, "हाव, पण कुठल्या?" आणि आत जाऊन डबा घेऊन आली. शेठच्या तळहातावर साखर ठेवली. तो माणूस तशीच मूठ करून उभा. मी दारात होते. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं. अव्वा तोवर शेजारी पोचली होती, डबा घेऊन. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. अजून कधी कधी दुपारच्या झोपेतून मी तशीच उठते, तोंड उघडं, कोरडं, आणि हाक कुणाला मारायची होती ते आठवत नाही.

माझा धाकटा भाऊ मुंबईला पोचला तोवर तिथल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. माणसं चांगली होती म्हणतो तो, हार घातले, रडली. त्यांना काय माहीत. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवतात, मांडी घालून, डाव्या हातात गळ्यातलं लिंग देऊन, मातीच्या स्वाधीन करतात. तुम्हाला त्यांनी आडवं घातलं, लाकडं रचली आणि लिंगासकट जाळलं, अगदी तंबूत बघितलं होतं तसं. आणि पुढं तर काय, तुमचे नवे खेळ येतच राहिले. वरीसभर, त्याच्याही पुढं. अव्वा तंबूत जायची, तुम्हाला बघायची आणि घरी येताना मला म्हणायची, "लागू पडली का न्हाई साखर?" ती हे समजून म्हणायची का न समजून, ते मी तिला विचारलं नाही. तिला मळ्यात बसवलं तेव्हा शेजारची जागा तुमच्यासाठी सोडली. ती अजून मोकळी आहे. तिथं गवतसुद्धा वेगळं उगवतं, असं धाकट्याची बायको म्हणते. पण तिला सगळ्यातच वेगळं दिसतं, तिचं सोडा.

परवा धाकटा नांदेडला आला होता. धाकटा म्हणायचं, तोंडात कवळी आहे त्याच्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आक्का, स्वामी म्हणतेत, नवं लिंग, विभूती, बेलाची पानं ठिवून अप्पाची समाधी बांधता येती. माणूस भटकून राहिला तर त्याला जागा द्यावी." मी म्हणाले, "भटकून कुठं राहिले? रोज माझ्या घरात हायेत." तो चिडला. "तुला गंमत वाटून राहिली. मी टीव्ही विकला, ठाव हाय का तुला? न्हाव्याच्या दुकानात दाढी करायला बसलो आन समोर आरशात बाप. पाठीमागच्या टीव्हीत. मेलेला, रगात येऊन राहिलेलं. माझा गाल कापला त्या दिवशी." बोलताना त्याचा हात गालावर गेला. त्याला मुंबईत काय दाखवलं, किती राख दाखवली, ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही अप्पा. त्याला खरंच सुटायचंय तुमच्यापासून. मी थोरली, माझ्या होकाराशिवाय तो करणार नाही.

त्यानं विचारलं तेव्हा मी लगेच हाव म्हणाले नाही, त्याचं कारण त्याला सांगण्यासारखं नाही. मागच्या महिन्यात एका जुन्या सिनेमात कोर्टाची गर्दी होती. त्या गर्दीत तुम्ही, बाकावर, टोकाला. काम काहीच नाही, नुसतं बसायचं. सगळे जजाकडं बघत होते आणि तुम्ही मान वळवून सरळ काचेकडं बघितलंत. चुकून असेल. पापणी लवायच्या आत तुम्ही मान फिरवलीत. पण बघितलंत, माझ्याकडंच. मी खाटेवरून उठून उभी राहिले. नातीला बोलावलं तर ती म्हणाली, "आज्जी, कुठं काय? जाहिरात चालू हाय." तेव्हापासून मी शेंगासुद्धा टीव्हीसमोरच फोडते.

काल धाकट्याचा फोन आला आणि मी हाव म्हणून टाकलं. त्याच्या आवाजात लहानपणीचं रडं होतं. सोमवारी आम्ही सगळे मळ्यात जाणार आहोत. नात म्हणते, आज्जी, एवढं लिहिलंयस तर हे समाधीच्या खड्ड्यातच ठेव, पणजोबांना पोचेल. पोचेल म्हणूनच ठेवणार नाही. वर सगळे हात जोडून म्हणत असतील, शांत व्हा, मीही तोंडानं म्हणत असेन, आणि खाली तुमच्या हातात माझा कागद, त्यात लिहिलेलं, की होऊ नका.