भट्टीतली पातेली

मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि मी जागच्या जागी आहोत. इथे हल्ली यालाच खुशाली म्हणतात. तुझा निरोप वेढ्यातून ये-जा करू दिलेल्या त्या एका बसच्या ड्रायव्हरने तोंडी पोचवला. तो उद्या सकाळी परत निघेल, तेव्हा हे पत्र त्याच्याकडेच देतो.

आधी तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं. तुझी बेकरी उभी आहे. समोरची काच गेली, तिथे पत्रा ठोकलाय. भट्टीला डाव्या अंगाने तडा गेला होता, तो वहिनींनी मातीने लिंपला. पिठात कोंडाच जास्त असतो, पाव फुगत नाही, पण रोज निघतो. सरपणाचं म्हणशील तर सभागृहाच्या खुर्च्या संपल्या आणि परवा व्यासपीठही फोडलं. ज्या फळ्यांवर उभा राहून मी इतकी वर्षं गर्जलो, त्यांवर मीच कुऱ्हाड चालवली. वहिनी म्हणाल्या, "आणा भाऊजी, तुमच्या भाषणांनी आधीच तापल्यात, लवकर पेटतील." आणि खरोखरच पेटल्या.

तू गेल्यावर इथे एक नवी रीत पडली आहे. गल्लीत कोणाकडे गॅस नाही, रॉकेल नाही. पाव काढल्यावर भट्टी दुपारपर्यंत गरम असते. ती ऊब वाया का घालवायची, म्हणून वहिनी सगळ्यांची पातेली आत घेऊ लागल्या. प्रत्येक कडीला तारेने आपापली खूण अडकवलेली: कोणाची किल्ली, कोणाचा चमचा, घड्याळवाल्या काकांचं दातेरी चाक. सकाळी पातेली दारापाशी रांगेत ठेवायची आणि माणसांनी जिन्याखाली जाऊन बसायचं. तोफेचा गोळा पडलाच तर पातेल्यांवर पडेल. जिन्याखाली मात्र जत्रा असते. शिवणवाल्या मावशी म्हणतात, "काका, काल काय शिजवलंत? वासावरून चपला वाटल्या." काका म्हणतात, "एकच शिजवली. दुसरी उद्याला ठेवलीय."

दादा, या लोकांसमोर मी आयुष्यभर बोलत आलो, पण त्यांना पाहतोय आत्ताच. वेढा घालणाऱ्यांना खात्री आहे की भूक लागली की माणसं एकमेकांच्या ताटावर झडप घालतील आणि वेशीचे दरवाजे आपण होऊन उघडतील. तोफांपेक्षा त्यांचा भरवसा आपल्या नीचपणावर आहे. तो खोटा ठरताना मी रोज पाहतो, आणि मला या शहराचा असा अभिमान वाटतो की व्यासपीठ जाळल्याचंही दुःख उरत नाही. याचं भाषण पुन्हा सुरू झालं, असं तू म्हणशील.

गेल्या आठवड्यात वहिनींना ताप होता. घाबरू नकोस, उतरला. त्या दिवशी भट्टीवर मी होतो. दोन पातेल्यांना किल्ल्याच होत्या, आणि मी अदलाबदल केली. मावशी दुसऱ्याच कोणाचं पातेलं घेऊन गेल्या. थोड्या वेळाने झाकण घट्ट दाबून परत आल्या. "ही किल्ली माझी नव्हे," म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "वाटेत माझ्या हातून सांडलं हो यातलं. भरपाई म्हणून माझ्यातलं घालते." आणि त्यांनी आपले शिजलेले वाटाणे त्या पातेल्यात ओतले, जवळजवळ निम्मे.

मी शेजारीच होतो. झाकण उचललं तेव्हा मला आत दिसलं. नुसतं गरम पाणी होतं, दादा. ते घर रोज झाकलेलं पातेलं रांगेत आणून ठेवतं, आपल्याकडे काही नाही हे गल्लीला कळू नये म्हणून. कोणाचं घर ते लिहीत नाही.

वहिनींना सांगितलं तर त्या अंथरुणातून म्हणाल्या, "कळलं का तुम्हाला? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अशी आणखीही आहेत." भट्टीत सरकवण्याआधी त्या भरलेल्या पातेल्यांतून पळीपळी काढतात आणि या पातेल्यांत घालतात. त्या दिवशी त्या नव्हत्या, म्हणून पाणी पाणीच राहिलं.

मी म्हटलं, "लोकांना उघड विचारा ना, आनंदाने देतील."

"देतील. पण मग ती भीक होईल, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पातेलं यायचं बंद होईल."

आता बसबद्दल लिहायलाच हवं. तुझा निरोप मी वहिनींना शब्दन् शब्द सांगितला: बसमध्ये जागा मिळाली आहे, ठकी रोज आई कधी येणार म्हणून विचारते, पुन्हा बस येईल याचा नेम नाही. मी तुझी बाजू मनापासून मांडली, कसूर केली नाही. शेवटी म्हटलं, "कोणती पातेली ते मला सांगा आणि तुम्ही निघा."

त्या हसल्या. "भाऊजी, तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हे काम तुमचं नाही. आणि नावं दुसऱ्या कोणाला सांगायचा मला हक्कही नाही." मग बराच वेळ कणीक मळत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठकीजवळ बाप आहे. तिचा हलणारा दात पडला का, तेवढं विचारा."

त्या रात्री जेवल्या नाहीत. हे सोपं गेलं असं समजू नकोस.

जागा आम्ही रिकामी सोडलेली नाही. बसचं दार उघडण्याआधी हे पत्र तुझ्या हाती द्यायचं, असं ड्रायव्हरला बजावलंय. उद्या संध्याकाळी तू नाक्यावर उभा असशील. वहिनींचा हिरवा कोट अंगात घातलेली बाई बसमधून उतरेल, आणि क्षणभर तुला वाटेल की आलीच. तिच्याजवळ महिन्याचं बाळ असेल, आणि तिला तिकडे कोणी नाही. दादा, तुझा चेहरा पडेल. तो तिला दिसू देऊ नकोस. पुढे हो, बाळ हातात घे, आणि म्हण की तुमचीच वाट पाहत होतो. माझ्यावर काय रागवायचं असेल ते नंतर रागव, मी ऐकून घेईन.

तुझ्या बायकोला तुझ्याकडे पाठवू न शकलेला, आणि तिच्याच भट्टीवर हाताखाली राबणारा,

तुझा धाकटा भाऊ