चौकटीतलं गवत

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते शिखरावर तिने मला, गाढवा पाय काढ, असं सुनावलं त्या क्षणी. पाय काढला. खाली दगडाला बिलगलेली बशीएवढी हिरवी गादी आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं. ती पोटावर आडवी होऊन भिंगातून फुलं न्याहाळू लागली आणि मी तिला. तेव्हापासून मी कामातून गेलो आहे.

आबांना सांग, कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून मुलगा वाया गेलेला नाही. संशोधन केंद्रावर ओझी वाहतो, स्वयंपाक करपवतो. ती इथली वनस्पतीवाली. शिखरावर तिने दोरीने चौकटी आखल्या आहेत आणि ऑगस्टअखेर इथला उन्हाळा सरताना आत काय काय उगवलं ते ती मोजते. हवा तापतेय, बर्फ लवकर वितळतंय, म्हणून खालच्या उतारावरचं गवत दर वर्षी थोडं वर चढतं आणि या बुटक्या फुलांच्या उरावर बसतं. मी अक्कल पाजळली की मग फुलांनीही वर सरकावं. तिने आभाळाकडे बोट दाखवून विचारलं, कुठे? बिचारी गच्चीवरची भाडेकरू. पुढे जिनाच नाही.

लोभ आहेच, उसवू देऊ नकोस.

तुझा,
भडकू

---

१८ जुलै

चि. भडकूस,
अ. उ. आ.

शिवी खाऊन प्रेमात पडणारा आपल्या घरातला तू पहिलाच. बाकीच्यांनी आधी प्रेम केलं, शिव्या नंतर खाल्ल्या. आबांना तुझी बढती कळवली. त्यांनी पेपर उलटा धरून बराच वेळ वाचला.

दुकानात लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडलाय, म्हणून थोडक्यात लिहिते. प्रेम कर, पण डोकं फिरवून काही करू नकोस. प्रोफेसरांच्या तोंडावर वही फेकलीस, तेव्हाही तुझा हेतू थोरच होता.

माया आहे, पण ती तुझ्या अकलेवर अवलंबून नाही म्हणून बरं.

ताई

---

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा उपदेश उशिरा पोचला. तसा वेळेवर पोचूनही त्याचा कधी उपयोग झाला नव्हता.

ती चार दिवस खाली गेली होती. जाताना, मी पाय दिला होता त्याच चौकटीपाशी उभी राहून म्हणाली की या फुलांचं यंदा शेवटचं वर्ष, पुढच्या उन्हाळ्यात इथे नुसतं गवत असेल. डोळे पुसले आणि वारा झोंबतोय म्हणाली. वारा पडलेला होता! मग मी काय हात चोळत बसू? भाजीची सुरी घेतली, वर गेलो आणि गवताचा एकेक झुबका मुळासकट उपटला. खड्ड्यांत माती-खडे असे बसवले की तुझं रफू झक मारेल. पोतंभर गवत मोरीच्या तोंडाशी फेकलं. फुलं आता ऐसपैस बसली आहेत. लोक प्रेयसीला फुलं तोडून देतात. मी न तोडता दिली.

लोभ वाढव, आता पात्र आहे.

भडकू

---

११ ऑगस्ट

चि. शहाण्यास,
अ. उ. आ., यातले निम्मे परत घेतले आहेत.

माझ्या एका गिऱ्हाइकाची कंबर वाढली, तर मी ब्लाउज उसवते. टेप कापून लहान करत नाही. तू टेप कापलीस. डोंगराला काय होतंय हे सांगणारी ती एक चौकट, आणि तुला तिथे बागकाम सुचलं. फुलं वाचवलीस म्हणे! दर वर्षी सुरी घेऊन चढणार आहेस का? आणि शेजारचे डोंगर कोण खुरपणार, आबा?

मोजणीआधी सांगून टाक. नोकरी जाईल, ती बोलायची थांबेल. थांबू दे.

ताई (हो, अजूनही)

---

२४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच्या टपालात आलं. मोजणी काल झाली. चौकट बघून ती नाचली, ताई. माझे दोन्ही हात धरून. म्हणाली की मधल्या थंडीच्या कडाक्यात गवत हटलं असणार, फुलं आपली आपण सावरतायत. उद्या ती हा अहवाल घेऊन खाली जाणार, चार मोठ्या लोकांपुढे उभी राहून सांगणार की शिखर अजून तग धरून आहे. आणि ते खूश होऊन हात झटकतील, की झालं, आता काही करायला नको. एवढं सगळं भाजीच्या सुरीने साधलं. प्रोफेसर उगाच म्हणायचे की माझ्या हातून विज्ञानाची सेवा होणार नाही.

तिने मला पहिल्यांदाच गाढव सोडून दुसरं काहीतरी म्हटलं. काय ते तुला सांगणार नाही. ते आजच्या दिवसापुरतंच आहे, ते तरी माझ्यापाशी राहू दे.

मघाशी मोरीकडे गेलो होतो. फेकलेलं गवत सांडपाण्यावर मूळ धरून हिरवंगार डोलतंय. चिवट जात, कुठूनही हाकला, जगते. पुरावा म्हणून एक झुबका उपटून पातेल्यात घेतलाय. तिच्या खोलीत दिवा आहे, ती अहवाल लिहितेय. तू म्हणशील की सकाळी सांग. पण सकाळी मी पुन्हा प्रेमात असेन.

आबांना सांग, बहुधा शनिवारी घरी पोचतो. पेपर सरळ धरा. तुझा लोभ यापुढे लागेल, बेताने शिवून ठेव.

सहीला थांबत नाही. पातेलं उचललं, निघालो. बाहेर वारा सुटलाय, या वेळी खरोखरचा. दार ओढून घेतो.