रत्नाच्या नावानं आंघोळ

नेरे, ता. मुळशी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. शेखर यास रत्नाआत्याचे आशीर्वाद.

भाऊबीजेला ये, हा तुझा निरोप मिळाला. फोनवर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. भात कापणीला आलंय. तुझ्या देवूकाकांचा गुडघा दुखतो, पण ऐकतात कुठे.

तू म्हणतोस, बाबांना आता काहीच आठवत नाही, ते पूर्वीचे राहिलेच नाहीत, मग जुनं कशाला धरून बसायचं? वा. हिंजवडीत एवढा पगार घेऊन हेच शिकलास? करणारा विसरला की सुटला, आणि जिनं सोसलं तिनं लक्षात ठेवलं तर ती खुनशी. तो पूर्वीचा राहिला नसेल, तर माण गावातल्या बंगल्यावरची 'विठ्ठलराव' ही पाटी काढ ना. भाडेकरूंच्या करारावर अजून त्याचाच अंगठा घेता, तेव्हा बरा तो तोच असतो.

तू तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून सांगते. मी कातकरवाडीतल्या देवूशी लग्न केलं, त्या दिवशी तुझा बाप विहिरीवर गेला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्या नावानं आंघोळ करून आला. गावाला सांगितलं, बहीण मेली. तीस वर्षं मी याच तालुक्यात मेलेली राहिले. बाजारात समोर आला तर माझ्या डोक्यावरून पलीकडचं दुकान बघायचा.

येणार नाही, एवढंच लिहायला बसले होते. पण खोटं कशाला लिहू? मी येऊन गेले आहे. दोनदा, तू कामावर असताना. त्यानं माफी मागावी आणि मी तोंडावर नाही म्हणावं, एवढ्यासाठी. तीस वर्षं घोकलं होतं ते.

तो ओट्यावर बसला होता, चिंब भिजलेला. त्याला सांभाळणारी साळूबाई कुरकुरत होती, "दिसातनं चारदा कापडासकट पानी वतून घेत्यात. का, ते कळत न्हाई."

मी समोर बसले. त्यानं विचारलं, "कुटल्या गावच्या तुमी?"

"नेऱ्याची. भिजलात कशानं?"

"भन मेली माजी. रत्ना. आंगूळ नगं करायला?"

"कशानं मेली?"

त्यानं सदऱ्याचं ओलं टोक पिळलं. "ते न्हाई ध्येनात. लई गुणाची व्हती." आणि रडायला लागला.

मी म्हटलं, "दादा, मीच रत्ना."

त्यानं माझा हात झटकला. "मेलेल्या मानसाच्या नावानं खोटं बोलू नगा, बाई."

तुझं नाव विसरला, तुझ्या आईचं विसरला, आंघोळ तेवढी शाबूत आहे. माणूस तोच आहे, शेखर. तेव्हा खोटं बोलला होता, ते आता त्याला खरं झालंय, एवढाच फरक. मला मात्र नाही म्हणायलाही समोर कुणी उरलं नाही. त्याचा फार राग आला. रडूही आलं, साळूबाईनं पाहिलंय, तेव्हा लपवत नाही.

भाऊबीजेला ओवाळायला ये म्हणतोस. ते जमणार नाही. मेलेल्या बाईकडून कुणी ओवाळून घेत नाही.

मंगळवारी येईन. त्याच्यासाठी कोरडे कपडे काढून ठेव. मी कोण, ते त्याला सांगू नकोस. तो माझ्यासाठी रडतो, ते मला अजून ऐकायचं आहे.

तुझी आत्या,
कै. रत्ना