मागच्या झाकणावरच्या तारखा

४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलात ह्यांचं स्टॉपवॉचवालं घड्याळ आहे. हे गेल्यापासून तुझा भाचा वापरतो. काच फुटली आहे. जुन्या घड्याळांचा एक शौकीन ते घ्यायला तयार आहे, म्हणून भाचा म्हणतो, मामाने काच बसवावी, आतून-बाहेरून धुवावं आणि किंमत चिठ्ठीवर लिहून द्यावी. सूनबाईला कपाटाचं दार लागलं, बाकी ठीक. तो समोरच बसलाय, नमस्कार सांगतो.

गुडघा सांभाळ. माया आहे तशी असू दे.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

घड्याळ उघडलं आणि मी पुन्हा तिशीत जाऊन बसलो. शाळेत कविता म्हणताना शेवटच्या ओळीला आपला आवाज आपोआप हळू व्हायचा ना, तसं हे यंत्र थांबताना हळुवार थांबतं.

भाच्याला सांग, शौकीन माणूस चकाकीला भुलत नाही. तबकडी मूळचीच, सायीसारखी पिवळसर झालेली. काटे मूळचे. बटणांचा आवाज ठाम. कडा कुणी घासलेल्या नाहीत. पॉलिश केलं की निम्मी किंमत गेली म्हणून समजा.

दुरुस्ती केली की आम्ही कारागीर मागच्या झाकणाच्या आत सुईने तारीख कोरतो. इथे पाच आहेत, पाचही माझ्या हातच्या, पाचही वेळा काच. पहिल्या तीन तेवढ्या वाचता येतात: १२ जून, २ नोव्हेंबर, १९ मार्च. भाऊजींचा हातच धसमुसळा. मी चिडवायचो, की मनगटावर घड्याळ बांधलंय, हातोडा नव्हे.

सर्वांना गोड पापा, मोठ्यांनाही.

दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

पहिलं पत्र मुलाने समोर बसून सांगितलं तसं लिहिलं होतं. हे टपाल कचेरीत उभी राहून लिहितेय. उत्तर इथल्याच पत्त्यावर टाक, मी येऊन घेईन.

तुझ्या तारखा वाचल्या. तू दुरुस्ती केलीस ते दिवस. मोडतोड दोन-तीन दिवस आधीची. जून म्हणजे खालचे दोन दात. नोव्हेंबर म्हणजे डाव्या कानाचा पडदा. मार्चमध्ये मला तिसरा महिना होता, तो तिथेच संपला. उरलेल्या दोन विचारू नकोस. हे पट्टा मुठीला गुंडाळायचे, घड्याळ बोटांवर घ्यायचे आणि मारायचे. मुलगा ते बघत मोठा झाला.

सूनबाईच्या भुवईला अकरा टाके आहेत. डॉक्टरांनी आतून काचेचा तुकडा काढला. तक्रार द्यायला गेलो तर पुरावा काय, असं विचारतात. तो कपाटाकडे बोट दाखवतो. नवी काच आणि धुणं त्याला कशाला हवंय, ते कळलं ना? सध्या ती माझ्या खोलीत झोपते, दाराला पलंग लावून.

एकच विचारते. दर वेळी ते घड्याळ तूच उघडलंस. तुला काहीच दिसलं नाही का?

धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

दिसलं होतं. दुसऱ्या वेळी काचेच्या कड्याखाली एक लांब केस अडकला होता, मुळासकट. मी तो चिमट्याने काढला आणि फुंकर मारली. भाऊजी समोर स्टुलावर बसले होते. एखादी कविता होऊ द्या म्हणाले, आणि मी म्हटली. चारही कडवी.

काच बसवलेली नाही. धुतलेलं नाही. वरच्या बटणाच्या फटीत रक्त वाळलंय, ते तसंच ठेवलंय. भाच्याचा फोन आला होता. एक गुडघा दुखतोच आहे, घड्याळ मिळालं नाही तर दुसराही फोडीन म्हणाला. आवाज हुबेहूब भाऊजींचा.

चिठ्ठी लिहिली आहे. तीत किंमत नाही. पाचही दुरुस्त्या, तो केस, ते रक्त, आणि खाली माझी सही. बावीस तारखेला सकाळी दहा वाजता मी चिठ्ठी आणि घड्याळ घेऊन तुमच्याकडच्या पोलीस चौकीत पोचतो. तू आणि सूनबाई थेट तिथेच या, घरी काही बोलू नका. इतकी वर्षं गप्प का बसलात, असं मला विचारतीलच. सांगेन, की बहिणीचं घर मोडू नये म्हणून. हाडं मोडत होती, ते चाललं.

माया ठेव म्हणायला मला तोंड नाही. चौकीत माझ्या शेजारी बसणं तुला जमलं नाही तर समोर बस. मी बोलताना माझ्याकडे बघ.

दादा