गोळीला तीन महिने

११ मार्च
सहा पूर्णांक सहा! तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणे ही. डॉक्टरबाईंनी कागदावर रेघ मारून दाखवली — साडेसहाला मधुमेह. म्हणजे माझा एक पाय पलीकडे पडलाच! गोळी नको, गोळी नको म्हणून त्यांचं डोकं खाल्लं. हसल्या. "अहो शर्मिलाताई, गोळी म्हणजे काय शिक्षा नाही. पण तुमची आत्ताच सुरुवात आहे, तीन महिने देते. रोज चाला, भात अर्धा करा. आठवड्यातून दोनदा सकाळी उपाशीपोटी घरीच तपासा. दोनशेच्या वर गेली तर मात्र थांबायचं नाही, सरळ यायचं."

आईच्या उशाशी गोळ्यांचा पत्र्याचा डबा असायचा. त्याचा खुळखुळ आवाज अजून नको वाटतो. मी बावन्न वर्षांची, चांगली धडधाकट. मला कशाला डबा?

शेजारच्या केशरबाई लगेच हजर. "गोली एकदा लागली का सुटत नाय हो!" या बाईला कुणीतरी धीर द्यायला शिकवा.

१६ मार्च
सोनमने पगारातून साखरेचं मशीन आणलं. लेक माझी! बोट माझं टोचायचं आणि डोळे ही मिटते. १२८.

२ एप्रिल
१२१. जुईनगर स्टेशनला दोन वळसे घातले. कुत्री आता भुंकत नाहीत, ओळखतात.

१४ एप्रिल
जयंती! पांढरी साडी काय चापूनचोपून बसली, पिना निम्म्याच लागल्या. विहारात खीर होती. एक चमचा खाल्ली. खरंच एकच! उरलेली वाटी यांनी संपवली. "तुज्या वाटचं गोड मी खातो, तू टेन्शन नको घेऊ." काय हा त्याग! आणि गंमत म्हणजे पँट सैल झालीय ती यांची. गोडही खातात, बारीकही होतात. वर सगळ्यांना सांगतात, आमच्या हिच्या ज्वारीच्या भाकरीची कमाल.

४ मे
दादाने गुहागरहून रायवळ आंबे पाठवले. दोन पेट्या! घरभर माहेरचा वास. आंबापोळी घालायला घेतली. पहाटे पाचला उठून रस पिळायचा, ताटांत पसरायचा, ऊन यायच्या आत सोसायटीच्या गच्चीवर नेऊन ठेवायचा. मग चहाआधी बोट टोचायचं. जिभेला एक थेंब लावत नाही. बोटंसुद्धा चाटत नाही, फडक्याला पुसते. माझा मलाच अभिमान वाटतो.

६ मे
२८७.

मशीन बिघडलं असेल.

९ मे
३०१!! न खाता! वासाने चढते का काय?

घरात कुणाला बोलले नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. दोन महिन्यांत एक चपलेचा जोड झिजवला, भात मोजून खाल्ला, आणि हे असं? उद्या उठल्या उठल्या दवाखाना. डबा येणार घरात. येऊ दे. घेईन. पण वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय.

१० मे
अगं बाई! हसून हसून पोट दुखतंय!

रस पिळून तशीच उपाशी गेले होते. डॉक्टरबाईंनी आकडे बघितले, मग मला बघितलं. "सकाळपासून काय काय केलंत?" सांगितलं. तर त्यांनी माझं बोट धरून चक्क नाकाशी नेलं! "ताई, बेसिन तिकडे. साबणाने धुवून या."

११६.

मशीन इतके दिवस आंबा मोजत होतं! बोटावर रस वाळलेला, त्यावरच मी सुई टोचत होते. एवढ्या जोरात हसले की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आंब्याला झाला डायबेटिस!" आणि दोन आंबे उभ्या उभ्या संपवले.

डॉक्टरबाईंना आंबापोळी पोचवायची. मोठी गुंडाळी.

१२ जून
सहा पूर्णांक एक! गोळी नाही! "असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी परत बघू." रिक्षावाल्याला पण सांगितलं. तोही म्हणाला, "भारी काकी!"

संध्याकाळी टेबलाभोवती नुसता दंगा. यांना चेव आला. "माजी पण बघ. वाघाची साखर बघ!" तिसरी पाण्याची बाटली संपवून बोट पुढे केलं. २९४! मी आणि सोनम हसून लोळलो. "पप्पा, आंबापोळी खाल्लीत ना? जा, हात धुवा!"

गेलेत धुवायला. गाणं म्हणत फेस करतायत, इथपर्यंत ऐकू येतंय.

१३ जून
धुतलेल्या हातांनी २८९. परत धुतले. २९१.

डॉक्टरबाईंनी यांना तीन महिने दिले नाहीत. तीन मिनिटंही नाहीत. एवढी तहान, घटाघटा पाणी, सैल पँट — सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर हसत होते.

गोळी यांच्या हातावर ठेवली. "शिक्षा नाही ही," म्हटलं. यांनी मुकाट्याने गिळली. मग मी दारात चपलांचे दोन जोड मांडले.