एक नंबरचं कुंकू

१७ ऑक्टो. ९४, धुळे
गाड्यांच्या वायरिंगचं दुकान उघडलं नाही तोच मारामारी. शिरपूरचे भय्यासाहेब, कापसाचे जिनिंगवाले, ती लाल जर्मन गाडी घेऊन हजर. दोनच दारं, स्टिअरिंग डावीकडे, दुबईहून आणलेली. उतरले ते थेट ड्रायव्हर नामदेवच्या कानाखाली. दोन वाजवल्या, मग लाथ. नामदेव माझ्या बॅटऱ्यांवर पडला, कोपर फाटलं.

तक्रार : सीट. दारावर बटनं आहेत, एम आणि १, २, ३. बसणाऱ्याचं माप सीट लक्षात ठेवते, नंबर दाबला की तिथे जाऊन थांबते. १ वर गाडी विकणाऱ्या मुंबईवाल्याने भय्यासाहेबांचं माप भरून दिलेलं. दसऱ्यापासून १ दाबलं की सीट सरसर पुढे येते आणि त्यांना स्टिअरिंगवर चेपते. शर्ट वर करून पोट दाखवलं, काळंनिळं. हसू दाबताना माझा जीव गेला.

नामदेव रडत होता. "भाऊ, मी बटनले हातबी नही लावा. सीटमा भूत शे."

१८ ऑक्टो.
सीट खोलली. मोटरी चारही ठणठणीत. फ्यूज ठीक, वायरी ठीक, कुठे शॉर्ट नाही. मग मरायला होतंय काय हिला? स्वतः बसून १ दाबलं, बरगडीत कळ आली. पाना भिरकावला तर माझीच ट्यूबलाइट फुटली. बायको, मंगल, डबा घेऊन आलेली. काचा बघून म्हणते, "राग गाडीना शे की भय्याना?"
दोघांचा.

२० ऑक्टो.
भय्यासाहेब आले. काम झालं नाही म्हटल्याबरोबर कॉलर धरली, डोकं शटरवर आपटलं. मीही पाना उचलला होता. नामदेव मध्ये पडला म्हणून, नाहीतर आज…

मग त्यांनी पुढे अडकलेल्या सीटकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला.
"एवढं पुढे कोण बसतं रे? बुटकं माणूस. बाई."
मी पाना पुसायला घेतला.
"माझ्या बायकोचा बाप एस.टी.वर ड्रायव्हर होता. एरंडोलला एकटाच असतो म्हातारा. त्याने हिला गाडी शिकवली असेल ना, दोन्ही हात तोडतो त्याचे."
ओरडतात तेव्हा भीती वाटत नाही. आज वाटली. हा माणूस तोडेल.

२१ ऑक्टो.
मुंबईवाल्याला एस.टी.डी. लावला. म्हणाला, माप भरायचं तर आधी एम दाबायचं, मग लगेच नंबर. म्हणजे बिघाड नाहीच. कुणीतरी १ वर नवं माप भरलंय. हे भय्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या बाईचा जीव जाईल.

२२ ऑक्टो.
आज भय्यासाहेब बायकोला, वहिनींनाच, घेऊन आले. दंडाला धरून सीटवर कोंबलं, १ दाबलं. सीट सरकली, वहिनींचे पाय बरोब्बर पेडलवर. भय्याने सगळ्या रस्त्यादेखत त्यांचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. हॉर्न वाजला. ओठ फुटला. दुसऱ्यांदा केस धरले तेव्हा माझं डोकं फिरलं, मध्ये घुसलो. त्यांनी दार माझ्या हातावर ओढलं. बोटं सोडवताना दिसलं : एमच्या फटीत लाल. १ च्या फटीत लाल.

ओरडलो, "थांबा! कुंकू आहे हे! दसऱ्याला वहिनींना इथे बसवलं होतं ना?"
"फोटोला. चेहरा दिसेना म्हणून मीच सीट पुढे घेतली होती."
"आणि त्यांनी बसल्या बसल्या बटनांना कुंकू लावलं. आधी एमला, मग १ ला. बोट दाबलं गेलं, माप भरलं!"
भय्याने फटीत नख घालून पाहिलं. मग खदाखदा हसला. "च्यायला, कुंकवाने चेपलं मला!" नामदेवला चहा सांगायला पाठवलं, स्वतः पानाच्या टपरीवर गेला. वहिनींच्या ओठाकडे बघितलंसुद्धा नाही. हरामखोर.

१ वर भय्याचं माप परत भरलं, खात्री म्हणून २ पण दाबून पाहिलं. सीट पुन्हा पुढे. तीच जागा, पाठ तेवढी जास्त ताठ. खरोखर गाडी चालवणाऱ्याची बैठक.
२ वर कुंकवाचा ठिपका नव्हता.
वहिनी पदर ओठावर धरून माझ्याकडे बघत होत्या. मी सीट मागे घेतली, एम, मग २. पुसून टाकलं.

२९ ऑक्टो.
सकाळी लाल गाडी दारात. वहिनी एकट्या, डावा डोळा सुजून बंद. काच खाली केली.
"भाऊ, दोन नंबर तुम्ही पुसलात. मला परत भरावा लागला."
हसल्या हो, त्या तोंडाने! सुरतेला मावशी आहे म्हणाल्या, चाकांतली हवा तेवढी बघा. बघितली. सुरतेकडे, साक्री रोडला वळल्या, गाडी जराही दचकली नाही.

मग जीप आली. भय्या आणि दोन माणसं. "कुठे गेली?" विचारायच्या आधीच जॅकची दांडी गुडघ्यावर. मग पाठीत दोन. मी ओरडलो, "पारोळा रोड!" उलट्या दिशेचा, पण तिच्या माहेरचाच रस्ता, लगेच पटलं. धुरळा उडवत गेले. मनात म्हटलं, जा, शोधत बस.

मंगल माझ्या गुडघ्याला हळद लावायला बसली आणि तिचा हात थांबला. "पारोळा रोडवर एरंडोल शे ना? तिना बाप तठे एकला ऱ्हास."

मी काय करून बसलो हे. म्हाताऱ्याचा फोन नाही, घर माहीत नाही. माझ्याने स्कूटरची किक बसेना, गुडघा वळतच नाही. तोवर मंगलने पदर खोचला, एका किकेत चालू केली, म्हणाली, "मांगे बस."

चार ओळी लिहून निघतोय, कोणाला तरी कळावं म्हणून. दांडी ते इथेच टाकून गेलेत, ती घेतली आहे. मंगलला स्कूटर येते हे मला आज कळलं.