शुक्रवारचे नाना

अल सुलै, रियाध
५ ऑक्टोबर २०२४

चि. मैमुनास भाईचा सलाम आणि पोटभर दुआ. वि. वि.

फोनवर तू रडतेस, पत्रात मुद्द्यावर येतेस, म्हणून हा कागद. फोटो काढून पाठवतोय. तुझ्या यूनुसच्या मोबाइलवर मोठा करून वाच.

आपल्या झोयाच्या लेकीला, अरवाला शिकवायला सुरुची टीचर घरी येते, त्याला तीन महिने झाले. डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो, कानांना काहीच नाही, त्या पोरीला शिकवणार काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाई म्हणाली, हात आहेत ना. आंघोळीआधी हातात पाण्याचा मग द्यायचा, जेवणाआधी चमचा, बाहेर जायचं तर चप्पल. माणसांनाही खूण: झोयाच्या बांगड्या, जावईबापूंचा चष्मा. आता तो मग हातात आला की अरवा आपणहून न्हाणीघराकडे सरकते.

माझ्यापाशी मात्र गाडी अडते. पूर्वी झोया माझ्या सुतारकामाच्या वर्कशॉपवर डबा आणायची, तेव्हा पोर तासभर माझ्या मांडीवर बसायची. आता टीचरच्या सांगण्यावरून मी दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्या घरी जातो. न्हाऊन, पांढरा पायघोळ तोब घालून, ऊदाचं अत्तर लावून. पोर गाल चाचपते, उजव्या कानापर्यंत हात नेते आणि मागे सरकते. चार शुक्रवार झाले. कुठल्या करवतीचं बेअरिंग गेलंय ते मी गेटवरून ऐकून सांगतो, नातीचं मात्र काही कळत नाही.

ओळखीचा नानाही जिला परका झाला, तिला कसलं शिक्षण? येत्या शुक्रवारनंतर शिकवणी खलास, मायलेकी बाणकोटला तुझ्याकडे, असं मी सांगून टाकलंय. झोया तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझी मागची खोली रिकामी आहे का, ते कळव.

तुझा भाई,
कादिर

बाणकोट
८ ऑक्टोबर २०२४

ती. भाईस मैमुनाचा सलाम. वि. वि.

खोलीत सुकी मासळी आहे. रिकामं आहे ते तुझं डोकं. अरवा शंभरदा यावी, पण सुट्टीला. इथे तिला शिकवणार कोण? मी नुसते लाड करीन आणि तिचा भोपळा होईल.

पोर उजव्या कानाशी हात नेते, हे तूच लिहिलंस आणि पुढे गेलास. होड्यांच्या फळ्या मारायला शिकलास तेव्हापासून त्या कानावर सुताराची पेन्सिल असते. माझ्या निकाहाच्या फोटोतसुद्धा आहे. अम्मीने चिमटा काढला तरी निघाली नव्हती. शुक्रवारी नेमकी ती काढून, भुसा धुऊन, अत्तर फासून जात असशील. शेठ पोहोचतो, नाना वर्कशॉपवरच राहतो. शिकली नसती तर पोर कुणाच्याही मांडीवर बसली असती, भाई.

झोयाची माफी माग. भाभीला सलाम, आणि रागावलास तर पत्रानेच रागाव.

तुझी,
मैमुना

अल सुलै, रियाध
१२ ऑक्टोबर २०२४

चि. मैमुनास भाईचा सलाम. वि. वि.

काल नमाज झाल्यावर वर्कशॉपचा शर्ट पुन्हा चढवला, खिशात भुसा तसाच, कानावर पेन्सिल. बिल्डिंगच्या वॉचमनने मला सामानाच्या लिफ्टकडे पिटाळलं आणि कुणाचं कपाट मोडलंय ते विचारलं. मी म्हटलं, नानाचं.

अरवाने बाही हुंगली. हात गालावरून कानाकडे गेला. पेन्सिल ओढून तिने चपट्या बाजूवरून बोट फिरवलं, ओठांना लावून पाहिली. मग सरळ मांडीवर. मुद्दाम आलेल्या टीचरने तिचंच बोट तिच्या कानामागे दोनदा टेकवलं आणि मग माझ्या छातीवर ठेवलं. ही नानांची खूण, म्हणाली. झोया स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. माफी मी ओट्याशी उभा राहून मागितली. तिने कांदे चिरायला दिले.

हे कालचं. आज आत्ता झोयाचा फोन आला. चमचा हातात दिला तर अरवाने तो खाली ठेवला, दाराकडे तोंड केलं आणि बोट आपल्याच कानामागे टेकवलं. समोर नसलेलं माणूस तिने पहिल्यांदाच मागितलं, म्हणे.

खोलीत मासळीच राहू दे. टीचर मंगळवारी पुन्हा येतेय, यापुढेही येईल. मी वर्कशॉप कामगारांवर सोपवून पोरीकडे निघालोय, तिचं जेवण खोळंबलंय. असेच टोमणे मारत राहा.

तुझा,
कादिर